घोडी जागेवर बसवा

आमच्या भाऊजींना गल्लीत सगळे ‘गुण्या’ म्हणतात. अर्थात मागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मेहुणीला सात खून माफ असतात. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, लाकडी मूठ आणि तिच्यात आडवी बसवलेली लोखंडी पट्टी. भाऊजींच्या खिशात त्याचं एक लहान पिल्लू कायम असतं. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी यांची नजर भिंतीवर फिरून आलेली असते. तसबीर तिरकी दिसली की संपलं, मग घरातल्या माणसांची तब्येत कशी आहे हे यांना ऐकूच येत नाही. एकदा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ करून पडलेले असताना त्यांनी हातानं खुणा करकरून समोरच्या कपाटाचं दार घसरलंय हे दाखवलं. डॉक्टरला वाटलं फार दुखतंय. शेवटी दात राहिला बाजूला आणि आधी बिजागरी दुरुस्त झाली.

दुसरी चीड डुगडुगणाऱ्या वस्तूंची. स्टूल डुगडुगलं, खाट कुरकुरली, फडताळ हललं की हा माणूस अस्वस्थ होतो. यांनी केलेलं टेबल दोन माणसांनी गदागदा हलवलं तरी हूं की चूं करत नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या, असं त्यांचं घर. दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. सरस म्हणजे पूर्वीपासून सुतार वापरतात तो डिंकासारखा चिकट पदार्थ, पाण्यात भिजवून मंद आचेवर कढवायचा. आता बाटलीतला तयार पांढरा गोंद आला, सगळी दुनिया तो वापरते, पण भाऊजींच्या दुकानात अजून सरसाचं भांडंच चुलीवर असतं. त्या वासाला मी नाक मुरडायचे, अजूनही मुरडते.

त्या घरात मी गेले ती ताईच्या पाठोपाठ. ताईचं लग्न झालं तेव्हा आमचे आईवडील दोघंही गेलेले आणि मी शाळेत होते. ताईबरोबर तिची पेटी, तिची गिटार आणि मी, असे तीन नग त्या जिन्यानं वर चढलो. पेटी आणि गिटार गप्प होत्या, मी मात्र भोकाड पसरलं होतं. भाऊजींना लहान मुलीशी काय बोलायचं हे कळेना. त्यांनी माझी उंची मापली, खाली गेले आणि पहिल्याच आठवड्यात जिन्याखालच्या जागेत माझ्या मापाचं अभ्यासाचं टेबल करून ठेवलं. मी वाढत गेले तशी त्या टेबलाच्या पायांना ते खालून लाकडाचे तुकडे जोडत गेले, इतके बेमालूम की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडत नाही. पुढे मी पोस्टात लागले, माझा स्वतःचा संसार झाला, पण ते टेबल मी बरोबर आणलं. त्याच्या पायांवरच्या रेघा मोजल्या की माझं सगळं बालपण मोजून होतं. कुणी मला विचारलं, तुझ्यासाठी आयुष्यात कुणी काय केलं, तर मी ते टेबल उलटं करून दाखवीन.

आता ताई. ताई कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होती. कारखान्याचा एक हौशी बँड होता, लग्नकार्यात आणि रविवारी बागेत वाजवणारा. ताई त्यात गिटार वाजवायची. ती गिटार तिला बँडच्या जुन्या मास्तरांनी दिलेली. त्यांची बोटं आखडली तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या देखत ती ताईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “ही आता तुझी, मला बघवत नाही गप्प बसलेली.” तेव्हाच ती जुनी होती. नेहमीच्या गिटारसारखी सपाट पोटाची नव्हे, व्हायोलिनसारखी फुगीर. मधोमध गोल भोक नाही, दोन अंगांना दोन वळणदार फटी. मधे मधाचा रंग, तो कडेकडे जाताना काळा होत गेलेला. मास्तरांचा हात जिथं टेकायचा तिथलं पॉलिश उडून खालचं लाकूड दिसत होतं आणि ताईचा हात बरोबर त्याच जागी बसला.

बँडमध्ये ताईचं काम ताल धरून ठेवायचं. तिनं कधी एकटीनं सूर काढून टाळ्या घेतल्या नाहीत. ट्रम्पेटवाला गडी मोठा शिष्ट, तो चिडवायचा, “बाई, तुम्ही वाजवता का नुसत्या बसता?” ताईनं एकदा ऐन गाण्यात हात काढून घेतला. ट्रम्पेटवाला असा काही घसरला की बागेतले लोक हसायला लागले. त्या दिवसापासून तो ताईला आधी नमस्कार करून मग ट्रम्पेट काढायचा.

भाऊजी त्या बँडसाठी लाकडी चौथरा करायला आले आणि तालमीच्या वेळी खिळे ठोकायचे थांबले. गाणं आवडलं म्हणून नव्हे. यांचा कान म्हणजे ओंडका. दाराची करकर तीन घरं पलीकडून ऐकू येईल, पण दोन सुरांतला फरक कळणार नाही. ते सरळ ताईजवळ गेले आणि विचारलं, “हिचं पोट वाकवून केलंय का कोरून?” आजवर ताईला गिटारबद्दल लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “कोरून. जाड फळी दोन्ही बाजूंनी कोरत आणलीय.” भाऊजींनी फटीतून डोळा लावून आत पाहिलं आणि म्हणाले, “ज्यानं केलं तो घाईत नव्हता.” झालं, जमलं त्यांचं. आमच्या घरातली प्रेमकहाणी एवढीच आहे, आणि ती मी ट्रम्पेटवाल्याकडून ऐकली.

या गिटारमध्ये एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गिटारच्या पोटावर तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याला घोडी म्हणतात. बाकीच्या गिटारींना ती चिकटवलेली असते. हिची नुसती ठेवलेली. तारांच्या दाबानं ती जागेवर बसते, आणि तारा काढल्या की सुटून हातात येते. आता सुताराच्या दुकानातही घोडी असते, ज्यावर फळी ठेवून कापतात ती. ती जर हलली तर करवत बोटावर येते. तेव्हा घोडी हलता कामा नये हे भाऊजींच्या हाडात मुरलेलं.

मी कॉलेजात असताना ताई एकाएकी आजारी पडली. गिटारच्या तारा काढून ती पुसायला बसली होती, तिथूनच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन झालं, मग ताप चढला तो उतरेना. एका दुपारी डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाहेर बोलावलं आणि आवाज खाली आणून जे सांगायचं ते सांगितलं. आम्ही आत आलो तर ताई ग्लानीत पुटपुटत होती. भाऊजी वाकले. ती म्हणाली, “अहो, तारा काढल्यात. घोडी सुटलीय. हरवेल. तेवढी जागेवर बसवून ठेवा.”

“बसवतो,” भाऊजी म्हणाले.

आता वादकानं ‘बसवून ठेवा’ म्हटलं तर त्याचा अर्थ वेगळा. सुतारानं ऐकलं तर वेगळा. सुतार दार बसवतो, कडी बसवतो, बिजागरी बसवतो, आणि बसवलेली वस्तू पुन्हा उठत नाही. भाऊजी मला तिच्याजवळ बसवून घरी गेले. पोटावर घोडीच्या जुन्या जागेची एक पुसट खूण होती, ती त्यांना जराशी तिरकी दिसली. बिचारी इतकी वर्षं सैल राहून सरकली असणार, असं त्यांनी ठरवलं. खूण पॉलिश करून घालवली. खिशातला गुण्या लावून काटकोनात रेघ मारली, सरस कढवला आणि घोडी बसवली. आयुष्यात इतक्या मनापासून त्यांनी काही बसवलं नसेल.

आणि ताई वाचली. का वाचली ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. ती घरी आली तेव्हा गिटार खुर्चीवर लखलखत होती आणि भाऊजी शेजारी परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे उभे. ताईनं घोडीला बोट लावलं, हलवून पाहिलं. ती हलली नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हळूहळू तारा चढवल्या, दोनचार सूर वाजवले, तिचा डावा हात दांडीवरून पोटाच्या दिशेनं वर गेला, थांबला आणि परत खाली आला. मी समोरच होते, मला वाटलं दमली. ती म्हणाली, “छान बसवलीत.”

त्यानंतर ताई पुन्हा बँडमध्ये जायला लागली. फक्त दांडीवर पोटाकडे जावं तसे जे चढे सूर लागतात, तिकडे ती कधी गेली नाही. विचारलं तर म्हणायची, “आजारपणापासून डावा खांदा धरलाय. वर हात नेला की कळ येते.” ट्रम्पेटवाल्यानं गाणी तिच्या सोयीनं बदलून घेतली. आणि भाऊजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून वर आले की हात धुऊन, तेल कोमट करून तिचा डावा खांदा चोळायला बसायचे. वर्षानुवर्षं. मी माहेरी म्हणून तिकडे गेले की हे दृश्य ठरलेलं, ताई डोळे मिटून बसलेली आणि भाऊजी लाकडाला पॉलिश करावं तसे तिच्या खांद्यावर गोल गोल हात फिरवताहेत.

गेल्या वर्षी भाऊजींनीच गिटारच्या पोटावर बारीक चीर पाहिली. फटीच्या टोकापासून निघालेली, केसाएवढी. लाकडाचं दुखणं यांच्या नजरेतून सुटत नाही. आम्ही तिघं वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. मागच्या अंगणाकडे उघडणारं त्याचं दुकान, छताला व्हायोलिनं टांगलेली, आणि तो स्वतः भला दांडगा, पण बोलणं अगदी हळू. त्यानं गिटार गादीवर आडवी ठेवली, लांब दांडीचा छोटा आरसा फटीतून आत घातला आणि बराच वेळ तो आत फिरवत राहिला.

“वस्तू फार छान आहे,” शेवटी तो म्हणाला. “दांडी सरळ आहे, हे नशीब. कडेची पट्टी चुरा व्हायला लागलीय, एक खुंटी नंतर बदललेली, ते चालतं. पण पोट बसतंय. आतली आधाराची पट्टी सुटलीय.” मग त्यानं घोडीला अंगठा लावला आणि त्याच्या कपाळावर आठी आली. “ही कुणी चिकटवली?”

“मी,” ताई लगेच म्हणाली.

मी ताईकडे पाहतच राहिले.

“तिला सरस कढवता येत नाही,” भाऊजी म्हणाले. “मी बसवलीय. का?”

त्या माणसाला बिचाऱ्याला यांच्यात काय चाललंय कल्पना नव्हती. त्यानं सरळ सांगितलं की ही घोडी मोकळीच असते. हवा बदलते तशी फळी फुगते, आकसते, तिला हलायला जागा लागते. ती जखडली म्हणून सगळा ताण एका जागी आला. भाऊजींचा चेहरा उतरला. लाकूड हलतं, त्याला जागा सोडा, हे गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावत आलेला माणूस हा. टेबलाच्या फळीला कडेनं किती फट ठेवायची यावर ते तासभर बोलू शकतात.

“आणि दुसरं म्हणजे ती काटकोनात आहे,” तो माणूस पुढे म्हणाला. “जाड तारेला जराशी जास्त लांबी लागते, म्हणून घोडी थोडी तिरकीच हवी. हे ऐका.” त्यानं तार मोकळी छेडली, मग दांडीवर वरच्या पडद्यावर, म्हणजे पोटाजवळच्या आडव्या पट्टीपाशी, बोट दाबून तीच छेडली. “वर गेलं की ही बेसूरच होणार. बाई, तुम्ही ही वाजवत कशा होता?”

“मी वर जातच नाही,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

भाऊजींना दोन्ही सुरांतला फरक कळला नाही, पण ही गोष्ट कळली. घरी येईपर्यंत ते आमच्या पुढे चालत होते. जिना चढून वर आले, आपल्याच हातच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “खांद्याचं काय?”

“कुठल्या?” ताईनं विचारलं, उगीचच.

“डाव्या. ज्याला मी रोज तेल लावतो.”

“खांदा ठणठणीत आहे.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी फुटलंच. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

“अगं, मग इतकी वर्षं मी ते तेल...”

“मला बरं वाटायचं,” ताई म्हणाली. “खांद्याला काही झालेलं नसलं तरी बरं वाटतं की नाही? तुम्ही कधी कुणाकडून चोळून घेतलाय का?”

पण भाऊजी हसले नाहीत. हातातली टोपी ते गुडघ्यावर सरळ करत राहिले. “तुझं निम्मं वाजवणं मी बंद पाडलं,” ते म्हणाले. “आणि तू मला सांगितलं नाहीस. मी रोज समोर होतो.”

ताई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. “ऐका. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन काय सांगितलं ते मला माहीत आहे. या धाकटीनं मला नंतर सांगितलं. तुम्ही ते ऐकलंत, घरी गेलात आणि सरस कढवायला ठेवलात. परत न येणाऱ्या बाईच्या गिटारची घोडी कुणी बसवतं का हो? सगळ्यांनी माझा हिशेब संपवला होता. तुम्ही एकटे मी वाजवणार म्हणून तयारी करत होता. मी घरी आल्यावर ती हलवून बघितली आणि मला सगळं कळलं. त्या घोडीला मी चुकीची कशी म्हणू? माझ्या तोंडून निघेना.”

“नंतर म्हणायचं.”

“नंतर म्हटलं असतं तर तुम्ही ती काढली असतीत आणि माझ्या वस्तूंना जन्मात पुन्हा हात लावला नसतात. ओळखत नाही का मी तुम्हाला?”

ते खरं होतं. मी खिडकीशी उभी राहून डोळे पुसत होते. ज्या घरात मी वाढले ते कशावर उभं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि या दोघांच्या पदरात मला टाकल्याबद्दल मी मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानले.

आता प्रश्न घोडीचा. ताई म्हणाली, राहू दे. घोडी उपटताना पोटाची फळी फाटली तर आहे तेही जाईल, तिला ती गिटार मुकी झालेली चालणार नव्हती. भाऊजी म्हणाले, राहू दिली तर पोट बसत बसत एक दिवस फुटेल. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच तोडगा निघेना. घरात दोन दिवस सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होते, हे आमच्याकडे वाईट लक्षण. शेवटी भाऊजी एकटेच वाद्यवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, “पांढरा गोंद वापरला होता की सरस?” सरस म्हटल्यावर तो खुर्चीतून उठला. “मग आशा आहे. सरस उष्णतेला आणि ओलाव्याला सोडतो. तो पांढरा असता तर मी हातही लावला नसता.” तेव्हापासून मी त्या वासाला नाक मुरडलं तरी बोलत काही नाही.

वाद्यवाला स्वतः काढून द्यायला तयार होता. भाऊजींनी मान हलवली. “मी बसवलीय. मी काढतो. तुम्ही शेजारी उभे राहा, चुकतोय वाटलं तर हात धरा.” आयुष्यात या माणसानं आपला सांधा आपण कधी उकलला नव्हता. त्यासाठी त्यांनी मग दुकानात जुन्या फळ्यांवर लाकडाचे ठोकळे सरसानं चिकटवले आणि ते सुकल्यावर पातळ सुरीनं सोडवायचा सराव केला. पहिल्या काही फळ्यांची सालं निघाली. ती पाहून ताई वर गेली आणि पुन्हा खाली आली नाही.

ठरल्या दिवशी ताई वाद्यवाल्याच्या दुकानात आली, पण आत यायला तयार होईना. अंगणातल्या बाकावर पाठ करून बसली. मी आत दिवा धरला. भाऊजींनी गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं घोडीच्या कडेला धरलं, सुरी तापवली आणि तिचं टोक घोडीखाली एका कोपऱ्यात सरकवलं. ढकलायचं नाही, नुसतं टेकवून वाट पाहायची. सरस मऊ झाला की सुरी आपण होऊन पुढे सरकते.  सुरी हलू नये म्हणून त्यांनी त्या हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं. घोडीचा एक पाय सुटला. दुसऱ्याच्या खाली सुरी अर्ध्यावर गेली आणि कर्र असा आवाज झाला. वाद्यवाल्यानं हात पुढे केला. भाऊजी थांबले, श्वास सोडला, फडकं पुन्हा गरम करून आणायला सांगितलं, आणि ते धरून इतका वेळ बसले की माझा दिव्याचा हात भरून आला. मग घोडी सुटली. एका कोपऱ्यात नखाएवढे लाकडाचे तंतू उचलले गेले होते, ते त्यांनी तिथंच सरसाचा थेंब लावून परत निजवले. घोडी तळहातावर घेऊन ते अंगणात गेले आणि ताईसमोर धरली. ताईनं आधी घोडी पाहिली नाही, त्यांचं तोंड पाहिलं. मग मोठ्यानं सुस्कारा टाकला.

वाद्यवाल्यानं आतली पट्टी बसवली, पोटाला खालून आधार दिला, चीर बुजवली. त्यात बरेच दिवस गेले. मग ताईनं तारा चढवल्या आणि घोडी एकेक केसानं सरकवत, कान लावत तिची जागा शोधली. ती सापडली तेव्हा घोडी उघड उघड तिरकी होती. भाऊजींचा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, “भाऊजी, खबरदार.” त्यांनी हात मागे घेतला, पण घाम फुटला होता त्यांना.

ताईचा डावा हात दांडीवरून वर गेला. पोटापर्यंत. तिथं तिनं एक साधा झंकार काढला, मग दुसरा, आणि मग जे वाजवायला लागली ते मी लहानपणी जिन्याखालच्या टेबलाशी बसून ऐकलेलं होतं, नंतर कधी ऐकलं नव्हतं. मी हमसाहमशी रडले, सांगायला लाज नाही. भाऊजी ताईच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. वाजवणं संपल्यावर मला हळूच म्हणाले, “धाकटे, फरक आहे ना गं?” मी म्हटलं, “आहे.” “असणारच,” ते म्हणाले. “तिच्याकडे बघून कळतंय.”

रविवारी बागेत ट्रम्पेटवाला, आता तोही म्हातारा, वाजवता वाजवता वळून बघायला लागला. नंतर म्हणाला, “बाई, खांदा बरा झाला वाटतं!” ताई काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, “तेल चांगलं होतं.”

परवा मी गेले तेव्हा ताई गिटारच्या तारा बदलत होती. सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, एक काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मग दुसरी, म्हणजे घोडी हलत नाही, असं वाद्यवाल्यानं सांगितलंय. तरी धोका नको म्हणून तेवढा वेळ कुणीतरी घोडी सांभाळावी लागते. भाऊजी समोर स्टुलावर बसले होते आणि रंध्यानं घट्टे पडलेली दोन जाड बोटं त्यांनी घोडीच्या दोन टोकांवर ठेवली होती.

ताई खुंटी पिळता पिळता म्हणाली, “अहो, दाबू नका तिला.”

“दाबत नाहीये,” भाऊजी म्हणाले. “नुसता हात ठेवलाय.”